पाणी कुठे जाते?

वाईच्या आमच्या वाड्याची दगडी पायरी मधोमध झिजून खोलगट झाली आहे. गेल्या वर्षी श्रावणात आई तिच्यावरून घसरली. हाड मोडले नाही, पण दादांनी फर्मान काढले, "पायरी उपटा, नवी बसवा." मी मराठीचा मास्तर! माझे मत घरात विचारतात, मानत नाहीत.

मे महिन्यात पेपर तपासायला मुंबईला गेलो आणि संध्याकाळी फोर्टात दगडच पाहत हिंडलो. हुतात्मा चौकातले फ्लोरा फाउंटन १८६४ चे, विलायतेहून आणलेल्या पोर्टलंड दगडाचे. त्यावर तैलरंगाची पुटे चढली होती. २०१९ मध्ये डागडुजीनंतर ते पुन्हा खुले झाले, तेव्हा ती काढून टाकलेली होती. फ्लोराबाई तोंड धुऊन बसल्यासारख्या दिसतात! पुढे राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने बांधवलेला, १८७८ मध्ये पुरा झालेला, २८० फूट उंच. त्यातला पोरबंदरी दगड नरम; म्हणून नक्षी खुलते आणि म्हणूनच खाऱ्या वाऱ्याने झिजतेही.

जवळच्या एका गल्लीत जुन्या इमारतीला परांची बांधली होती. खाली एक वयस्क गवंडी चहा पीत बसले होते. विचारले, "काका, कुठला दगड ठेवायचा, कुठला काढायचा, हे ठरवता कसं?"

"पाणी बघायचं, साहेब. पानाफुलांची नक्षी झिजली, म्हणून भिंत पडत नाही, ती ठेवायची. पण छज्जाच्या दगडाची धार गेली, की पाणी भिंतीत उतरतं. तिथं दगड बदलायचा. अर्धाच गेला असला तर तेवढंच थिगळ लावायचं, तसल्याच दगडाचं, चुन्यात."

"सिमेंट?"

त्यांनी कप खाली ठेवला. "सिमेंट ओल कोंडतं. मग ओल दगडातून वाट काढते, खार फुलतो आणि दगडाचे पापुद्रे सुटतात."

मी गप्प बसलो. त्याला कारण होते.

जूनमध्ये वाईला धो धो पावसात छत्री घेऊन अंगणात उभा राहिलो. वरची दगडी पन्हळ तडकलेली. दहा वर्षांपूर्वी ती मीच सिमेंटने लिंपली होती. तो लपका सुटला होता आणि सारे पाणी थेट पायरीवर पडत होते. शेवाळ तिथलेच. पायरीचा खोलगटपणा बिचारा आजी-पणजीच्या पावलांचा!

दादांना बोलावून दाखवले. ते बराच वेळ वर पाहत राहिले.

नवी पन्हळ काळ्या दगडाची घडवून घेतली, मजुरीचे पैसे अर्थात मी दिले. पायरीवरचे शेवाळ खरवडून काढले आणि शेजारी आईला धरायला एक कठडा बसवला.