गोळी चढली

चार वर्षांमागच्या चंपाषष्ठीला आप्पांनी खानापूर मैलारच्या मल्लण्णापुढं बेलभंडारा उचलला आणि बीडी सोडली. तीस वर्षं कलबुर्गीच्या डाळमिलात हमाली. तुरीचा भुसा नाकातोंडात आणि वर दिवसाला एक बंडल. छातीचा पार भाता झालेला. दम्यासाठी थिओफायलिनची गोळी चालू होती. धाप बसेना म्हणून डॉक्टरांनी ती दोनदा वाढवली होती.

पाचव्या दिवशी त्यांना मळमळू लागलं. सातव्या दिवशी हात असा थरथरला की बशीतला चहा सदऱ्यावर सांडला. रात्री डोळ्याला डोळा नाही, छातीत नुसती धडधड. गल्लीचं निदान ठरलेलं होतं: इतक्या वर्षांची बीडी अशी एका दमात सुटत नसते. शेजारचे काका म्हणाले, "एक ओढा की, जीव थाऱ्यावर येईल." माय म्हणाली, देव सत्त्व बघतोय. मी पडलो शाळामास्तर. शपथ मोडू नका म्हणून त्यांना बजावत होतो आणि गोळ्या घड्याळ लावून देत होतो. हे आठवलं की आजही घशाशी येतं.

दहाव्या दिवशी उलट्या थांबेनात, तेव्हा त्यांना घेऊन भालकीहून बीदर गाठलं. नाडी १३० च्या वर. डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं पाहिली, आप्पांची पिवळी पडलेली बोटं पाहिली आणि विचारलं, "बीडी बिट्टीरेन्री?"

"सोडली की, दहा दिस झाले," आप्पा अभिमानानं म्हणाले. आमच्याकडं असंच चालतं, प्रश्न कन्नडमध्ये आणि उत्तर मराठीत.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, गोळी आजपासून बंद.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला नंतर वाचूनच नीट कळलं. बीडी-सिगारेटच्या धुरात जळक्या पदार्थांतली काही हायड्रोकार्बनं असतात. ती यकृतातल्या सीवायपी१ए२ नावाच्या विकराला कामाला जुंपतात. थिओफायलिन फोडून अंगाबाहेर काढण्याचं काम मुख्यतः त्याचंच. धूर न ओढणाऱ्या माणसाच्या रक्तातलं निम्मं थिओफायलिन उतरायला साधारण ८ तास लागतात, ओढणाऱ्याच्या अंगात ४-५ तासांतच ते निम्म्यावर येतं. म्हणजे आप्पांची वाढवलेली गोळी बीडीच खात होती. धूर थांबला तसा काही दिवसांतच विकर मंदावला. गोळी मात्र तेवढीच राहिली आणि रक्तात साचत गेली. या औषधात उपयोगाची मात्रा आणि विषाची मात्रा यांच्यात अंतर फार थोडं. फार चढलं तर झटकेसुद्धा येतात. मनोरुग्णांना देतात त्या क्लोझापिन, ओलान्झापिनच्या गोळ्याही धूर सुटला की अशाच रक्तात साचतात.

"मग तंबाखू मळली तर चालंल का?" आप्पांनी तेवढ्यातही विचारून घेतलं. त्यानं काही साधणार नाही, डॉक्टर म्हणाले. हा खेळ धुराचा आहे, निकोटीनचा नाही.

मला अजून राग येतो तो एका गोष्टीचा. छाती दुखो, पाय दुखो, प्रत्येक डॉक्टरनं आप्पांना "बीडी सोडा" म्हणून दटावलं होतं. सोडाल त्या दिवशी मला येऊन सांगा, असं एकानंही म्हटलं नव्हतं. चिठ्ठीवर वय असतं, वजन असतं. बीडीला जागा नसते. आम्हीही आपण होऊन सांगितलं नाही. बीडी सोडणं ही देवाला सांगायची गोष्ट, डॉक्टरला कशाला, असंच आमच्या डोक्यात.

दुसरा गुन्हेगार घरातच निघाला. बीडीची तलफ मारायला आप्पा दिवसाला आठ-दहा कप चहा रिचवत होते. चहातलं कॅफीनही तोच विकर फोडतो. तोही आता थकलेला. त्यात थिओफायलिन हे कॅफीनचंच भावंड. जर्मन शास्त्रज्ञ अल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८८ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं तेच चहाच्या पानांतून. धडधडीवर चहा पाजणं म्हणजे आगीत रॉकेल.

दोन दिवसांत थरथर उतरली, चौथ्या रात्री आप्पा घोरले. पुढं गोळी पुन्हा सुरू झाली, पण आधीच्या निम्म्यानं, आणि तेवढीही पुरली. मी फाइलवर लाल शाईनं बीडी सोडल्याची तारीख लिहून ठेवली आहे.

चहा तीन कपांवर आणायला मायला महिनाभर भांडावं लागलं. "भंडारा बीडीचा उचललाय," आप्पा अजून तिला सुनावतात, "चहाचा नाही."