बघायला कोण आहे?

नागपूर,
रविवार

प्रिय डॉक्टरीणबाई,


तुझं पत्र मिळालं. संचालकपदाची बातमी वाचून मला फार आनंद झाला, हे आधी लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचताना तुला वाटायचं की मॅडम रागावल्यात. आरोग्यशास्त्रातल्या ऑनलाइन शिक्षणाचा अख्खा विभाग विद्यापीठ तुझ्या हाती देतंय, ही साधी गोष्ट नाही. मेडिकल एज्युकेशन युनिटचं काम तू इतकी वर्षं 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून ओढलंस. बढतीच्या वेळी ते कुणी धरलं नाही, भत्ता तर नाहीच. त्याचं चीज झालं. आई असत्या तर त्यांनी गल्लीभर पेढे वाटले असते.

पण त्याच पत्रात तू लिहितेस, "आता वॉर्ड आणि ओपीडी सोडतेय, मॅडम. तिथे दिवसाला पाच-सहा पोरं हाती लागतात, इथून हजारोंपर्यंत पोहोचता येईल." हे वाक्य मला पचलेलं नाही. तू माझं मत विचारलं होतंस ते मॉड्यूलबद्दल, या निर्णयाबद्दल नाही, हे मला कळतं. तरी लिहिणार आहे. विचारल्याशिवाय बोलायची माझी सवय तुला नवीन नाही.

आधी मॉड्यूल. पोटाच्या तपासणीचं तू पाठवलेलं मॉड्यूल मी नीट बसून पाहिलं. सुंदर झालंय. प्लीहा चाचपायचा व्हिडिओ तर आमच्या वेळी असता तर मी रोज लावला असता. उजव्या इलियाक फॉसापासून सुरुवात, प्रत्येक श्वासाला बोटं थोडी थोडी डाव्या बरगड्यांकडे सरकताहेत, आवाज स्वच्छ, मराठी सोपं. शेवटी वीस प्रश्न, ऐंशी टक्के मिळाले की प्रमाणपत्र. आणि त्या प्रमाणपत्रावर काय लिहिलंय? 'उदर तपासणीत सक्षम.' अगं, कुणी पाहिलं त्या पोराला तपासताना?

सातच्या वॉर्डातली ती मेळघाटची बाई आठवते ना? तुला हे नाव जिने दिलं ती. फायनलची पोस्टिंग नुकतीच सुरू झाली होती. तू केस घेतलीस, प्रेझेंट केलीस, हिस्टरी अगदी चोख. आणि म्हणालीस, "स्प्लीन नॉट पाल्पेबल, मॅडम." तिची प्लीहा बेंबी ओलांडून पलीकडे गेली होती. तुला प्लीहेबद्दल काही येत नव्हतं असं नाही, तोंडी परीक्षेत तू मला कारणांची यादी न अडखळता म्हणून दाखवली असतीस. मग मी तुला पुन्हा तपासायला लावलं आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले. तू सरळ डाव्या बरगड्यांखाली हात ठेवलास. हात प्लीहेवरच टेकला होता, मग तिची कड लागणार कशी? शिवाय तुझी नजर तुझ्याच बोटांवर होती. ती बाई ओठ दाबून कळ सोसत होती, तिकडे तुझं लक्षच नव्हतं. "उजवीकडून ये, आणि बघायचं त्यांच्या तोंडाकडे," एवढंच मी म्हणाले. कड लागली, खाच लागली, आणि तुझा चेहरा जो उजळला! तेवढ्यात ती म्हणाली, "डॉक्टरीणबाई, हात लय थंडा हाये तुमचा." त्यानंतर हातावर हात चोळल्याशिवाय तू कुठल्या पेशंटला हात लावल्याचं मला आठवत नाही. या तीनही गोष्टी तुझ्या व्हिडिओत आहेत, मी पाहिल्या. पण तुला त्या व्हिडिओने शिकवल्या नव्हत्या.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी निवृत्तीनंतरही सोडलेलं नाही: आपल्याकडे विद्यार्थ्याला सांगणारे पुष्कळ आहेत, त्याला करताना बघणारं कुणी नाही. हा रोग ऑनलाइनच्या फार आधीचा आहे. आपली फायनलची लाँग केसच घे. पोरगं पाऊण तास, तासभर पेशंटपाशी एकटं. परीक्षक पलीकडच्या खोलीत चहा घेतोय. नंतर येऊन तो पोराचं भाषण ऐकतो आणि मार्क देतो. पोराने खरंच रिफ्लेक्स काढले की शेजारच्या रेसिडेंटला विचारून लिहिले, हे त्याला कळायला मार्ग नाही. कित्येक पिढ्या आपण डॉक्टर असे पास केले.

हे तुला मी काय सांगणार? मिलरचा पिरॅमिड मला तूच शिकवलास. 1990 चा तो लेख तू झेरॉक्स करून आणला होतास आणि कँटीनमध्ये टेबलावर बोटाने त्रिकोण काढून दाखवला होतास. तळाशी माहीत असणं, मग कसं करायचं ते माहीत असणं, मग करून दाखवणं, आणि टोकाला रोजच्या कामात प्रत्यक्ष करणं. तुझ्या वीस प्रश्नांनी पोरगं तळाच्या दोन पायऱ्यांवर आहे एवढंच कळतं. त्याच्या वरचं काही कळत नाही. डंडीत हार्डनने 1975 साली ऑस्की परीक्षा आणली, ती याचसाठी ना, की प्रत्येक स्टेशनवर एक माणूस यादी हातात घेऊन बघत उभा असेल? आणि नॉर्सिनी! मुंबईच्या जीएसएमसीत तू वैद्यकशिक्षकांसाठीची फेमर फेलोशिप केलीस, त्या फेमरचं नेतृत्व ज्याने केलं त्याच माणसाचं नाव मिनी-सीईएक्सशी जोडलेलं आहे. शिक्षकाने पंधरा-वीस मिनिटं रेसिडेंटला पेशंटसोबत काम करताना बघायचं आणि तिथल्या तिथे दोन गोष्टी सांगायच्या. त्याला ना यंत्र लागतं, ना अनुदान. लागतो फक्त शिक्षक, उभा राहायला तयार असलेला.

माझ्या वडिलांकडे गाणं शिकायला मुलं यायची. वडील स्वतः गायचे थोडं, ऐकायचे जास्त, आणि जिथे सूर हलला तिथे बोट वर करायचे. मुलं तयार झाली ती त्या बोटामुळे. आपल्याकडे ते बोट वर करणारंच कुणी उरलं नाही, ही माझी तक्रार आहे.

मी ऑनलाइनच्या विरुद्ध आहे असं मात्र समजू नकोस. तसं तू मागे दिवाळीत म्हणाली होतीस आणि मला ते लागलं होतं. 2020 च्या मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा तू स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोबाइल उभा करून फिजिऑलॉजीपासून मेडिसिनपर्यंत सगळ्यांना वर्ग घ्यायला शिकवलंस. त्या दिवसांत तू नसतीस तर आपल्या कॉलेजची पोरं वाऱ्यावर होती. फेमरमधेसुद्धा मुंबईतली थोड्या दिवसांची सत्रं सोडली तर वर्षभराचं काम दुरूनच चाललं, आणि त्यातून तू किती शिकलीस ते मी बघितलंय. पण ते दुरून का जमलं? कारण तुझा स्वतःचा प्रकल्प होता, आपल्याच कॉलेजातला. तो दर महिन्याला लोक वाचत होते, चुका काढत होते. तिथे तुला बघणारं कुणीतरी होतं.

पुरावाही तुझ्याच बाजूचा सांगते. डेव्हिड कुक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2008 साली 'जामा'त 201 अभ्यास एकत्र करून मांडले. काहीच न शिकवण्यापेक्षा इंटरनेटवरून शिकवणं खूप चांगलं. वर्गात किंवा इतर रीतीने शिकवण्याशी ताडून पाहिलं तर सरासरीत फरक नगण्य. म्हणजे माध्यमाचं भांडण मिटलं. उरतं ते हे, की त्या माध्यमातून करायचं काय. याचं मला सगळ्यात आवडतं उत्तर न्यू मेक्सिकोचं आहे. अल्बुकर्कीत डॉ. संजीव अरोरा यकृताचे तज्ज्ञ. हेपटायटिस सीच्या पेशंटला त्यांची वेळ मिळायला आठ-आठ महिने लागायचे. 2003 साली त्यांनी 'एको' सुरू केलं. त्यात खेड्यातल्या डॉक्टरांपुढे व्याख्यानांच्या फिती टाकल्या नाहीत. दर आठवड्याला खेड्यातला डॉक्टर पडद्यावर येऊन आपला पेशंट मांडायचा, सगळे ऐकायचे, तज्ज्ञ बोलायचे, आणि पुढच्या वेळी तो काय झालं ते सांगायचा. 2011 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये निकाल आला. 407 रुग्ण. विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये 57.5 टक्के बरे झाले, खेड्यांतल्या आणि तुरुंगांतल्या केंद्रांत 58.2 टक्के. हा निकाल वाचला तेव्हा मी तुला रात्री साडेदहाला फोन केला होता. आठवतं?

तिथे पडद्यातून काय घडत होतं? खेड्यातल्या एकट्या डॉक्टरचं काम कुणीतरी बघत होतं. हे तू करू शकतेस. धारणी-चिखलदऱ्याच्या, भामरागडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आपली पोरं इंटर्नशिप आणि बाँड करतात. बावीस-तेवीस वर्षांची पोरं, रात्री अडीचला सिकलसेलचं क्रायसिसमधलं मूल घेऊन आई दारात. त्यांना मॉड्यूल नको असतं. त्यांना सकाळी नऊला कुणीतरी विचारायला हवं, "रात्री काय केलंस? सलाइन किती दिलंस? छातीचा आवाज पुन्हा ऐकलास का?" सेवाग्रामला पहिल्या वर्षाच्या पोरांना गावात राहायला नेतात, घरं वाटून देतात. तीच पोरं चार-पाच वर्षांनी केंद्रावर एकटी पडतात, तेव्हा त्यांच्यासाठी आठवड्याला एक तास तुझ्या विभागाने ठेवावा. एका तासाला पंधरा केंद्रं, बस्स. हजार नकोत.

हजारांचा आकडा तुझ्या तोंडी कुठून आला, हे मला कळतंय, आणि काळजी तिथूनच सुरू होते. तुझ्या नव्या खुर्चीत तुझं मोजमाप होणार ते नोंदणी किती झाली, किती जणांनी कोर्स पूर्ण केला, किती प्रमाणपत्रं निघाली यावर. 2019 पासून सीबीएमई, म्हणजे क्षमताधारित अभ्यासक्रम आला, लॉगबुकं आली, करून दाखवल्याशिवाय सही नाही असा नियम आला. नियम उत्तम. पण शंभरावर पोरं, युनिटला शिक्षक मोजके, ओपीडी ओसंडून वाहतेय. मग टर्म संपायच्या आधल्या दिवशी लॉगबुकांचा गठ्ठा येतो आणि एका बैठकीत सह्या होतात. कुठल्या कॉलेजात, ते मी लिहिणार नाही, तू आणि मी दोघींनी पाहिलंय. आता त्या सह्यांच्या जागी तुझं प्रमाणपत्र लागलं की सगळ्यांनाच सोपं. अधिष्ठातांना सोपं, तपासणीला आलेल्यांना दाखवायला सोपं, पोरांना तर सगळ्यात सोपं. तुझ्या चांगल्या कामाचा उपयोग शिक्षकांच्या रिकाम्या जागा झाकायला होईल. भरती का करत नाही म्हणून कुणी विचारलं की म्हणतील, आमच्याकडे ऑनलाइन आहे ना. तुझ्या नावावर हे व्हावं, असं मला वाटत नाही. म्हणून ते 'सक्षम' आधी काढ. 'मॉड्यूल पूर्ण केले' एवढंच लिही, आणि खाली एक रिकामी ओळ ठेव: तपासताना कोणी पाहिलं, कधी, कोणत्या पेशंटपाशी. ती ओळ भरल्याशिवाय कागद अपुरा.

आणि तू स्वतः? वॉर्ड सुटला की हात जातो, गं. एका वर्षात नाही जात, पण तीन-चार वर्षांत जातो. मर्मर ऐकू येईनासा होतो असं नव्हे. पण पेशंट दारातून आत येताना जे कळायचं ते कळेनासं होतं. मग तू जे मॉड्यूल बनवशील ते आधीच्या मॉड्यूलवरून बनेल. सातच्या सिस्टर परवा भाजीबाजारात भेटल्या, म्हणाल्या, "मॅडम, त्या राउंडला आल्या की पोरं पुढे सरकून उभी राहतात." दुसऱ्या कुणाबद्दल त्या असं बोलल्याचं मला माहीत नाही.

तुझ्या पाठीचं काय झालं? रात्री एक-दीडला तुझे मेल येतात, वेळ मला दिसते. दिवसभर ओपीडीत उभी आणि रात्रभर स्क्रीनपुढे बसलेली. म्हणून तू वॉर्ड सोडतेयस का, खरं सांग. दमलीस म्हणून सोडत असशील तर ते वेगळं, मी समजू शकते, आणि मग आपण दुसरं काही बघू. पण हजारांपर्यंत पोहोचायचं म्हणून सोडत असशील तर नको.

रुजू होण्याची तारीख अजून पंधरा दिवसांवर आहे असं तू लिहिलंस. तोवर एक कर. आठवड्यातला एक दिवस, सकाळचा राउंड आणि क्लिनिक, तुझ्याकडे राहील अशी अट घाल आणि ती नेमणुकीच्या आदेशात लिहून घे. कुलगुरू भले माणूस असतील, तोंडी हो म्हणतील. पण ते आज आहेत, उद्या दुसरे येतील, आणि नव्या माणसाला तू त्या दिवशी कुठे असतेस याचा हिशेब द्यावा लागेल. लेखी नसेल तर सही करू नकोस. मसुदा आला की मला पाठव, मी वाचते, आणि पाठीचा एमआरआय केलास का तेही कळव.

तुझी,
मॅडम