पिक्चर अडकतोय? पाकीट आत ठेवा!

संगणकावर पिक्चर अडकायला लागला की सल्ला देणाऱ्यांची कमी नसते. 'रॅम टाक', 'कार्ड बदल', 'हा डबाच काढून टाक रे'. सल्ले फुकट, बिल आपल्या नावावर! खरं तर डिस्क फिरायला लागल्यापासून चित्र पडद्यावर येईपर्यंत चौघांची साखळी असते: डिस्क वाचणारा ड्राइव्ह, तिथून डेटा आणणारा रस्ता, तो डेटा उलगडणारा प्रोसेसर किंवा ग्राफिक्स चिप, आणि शेवटी मॉनिटर. यातला एक जरी दमला की हीरो झटके देत चालतो. दमलाय नेमका कोण, हे मात्र कुणी बघत नाही.

२००५ साली कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहायचो. टीव्ही नव्हता. वर्गणी काढून असेंबल केलेला एक पीसी होता: पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम आणि अर्धं टेबल खाणारा सतरा इंची मॉनिटर. शनिवारी रात्री लायब्ररीतून डीव्हीडी, कोपऱ्यावरून पार्सल भुर्जी-पाव, गादी भिंतीला टेकवली की झालं आमचं मल्टिप्लेक्स! काही महिने मजेत गेले. मग एका शनिवारी 'लगान' लावला. पावणेचार तासांचा पिक्चर, आणि पहिल्या अर्ध्या तासातच आवाज पुढे, चित्र मागे. शेवटच्या चेंडूवर भुवननं बॅट फिरवली आणि चेंडू हवेतच थांबला.

दुकानदार आला, माउस हलवला, मग मान हलवली. "मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड. सगळं मिळून चौदा हजार." माझ्या हातात पगार यायचा अकरा. माणशी साडेतीन हजार, म्हणजे भाडं आणि मेस एकदम गेली! तिघांनी कुरकुरत हो म्हटलं. चौथा आमचा नांदेडचा दोस्त. तो अजून ट्रेनिंगच्या स्टायपेंडवर होता आणि त्यातूनही घरी पैसे पाठवायचा. तो काहीच बोलला नाही. फक्त पुढचे दोन शनिवार 'डोकं दुखतंय' म्हणत दहालाच पांघरूण ओढून झोपला. ही डोकेदुखी खिशाची आहे, हे कळायला डॉक्टर लागत नाही.

म्हणून लंच टाइममध्ये ऑफिसातल्या सिस्टीम अॅडमिनला गाठलं. डबा खाता खाता त्यानं एकच प्रश्न विचारला. "पिक्चर चालू असताना सीपीयू किती टक्के दाखवतो?" शंभर, मी म्हटलं. "पेंटियम फोरला डीव्हीडीसाठी शंभर? मग तो पिक्चर नाही दाखवत, हमाली करतोय."

त्याचं म्हणणं समजायला थोडा हिशेब हवा. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एका सेकंदाला जेमतेम १.१५ मेगाबिट व्हिडिओ. डीव्हीडी आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं, आणि व्हिडिओ ९.८ मेगाबिटपर्यंत. एमपेग-२ मध्ये घट्ट घडी घातलेला हा डेटा उलगडायचा म्हणजे कष्टाचं काम. १९९८-९९ च्या सुमाराला साध्या पेंटियमला ते झेपत नसे, त्यासाठी वेगळं डीकोडर कार्ड लावावं लागे. पण पेंटियम फोरला हे डाव्या हाताचं काम होतं. म्हणजे घोळ उलगडण्यात नव्हताच, आणण्यात होता.

ड्राइव्हमधून डेटा आणायचे दोन मार्ग. डीएमए मोडमध्ये तो थेट मेमरीत उतरतो, चहावाल्यानं प्रत्येकाच्या टेबलावर कप ठेवून जावा तसा. पीआयओ मोडमध्ये मात्र प्रोसेसरला स्वतः प्रत्येक घास उचलून आणावा लागतो. म्हणजे साहेबच टपरीवर फेऱ्या मारतायत, फायली बघणार कोण? आता गंमत बघा. विंडोज एक्सपीत अशी व्यवस्था होती की ड्राइव्हवर वाचनाच्या सहा चुका जमल्या की वेग पायरीपायरीनं उतरवत शेवटी पीआयओवर आणायचा. आणि पुढे चकचकीत नवी डिस्क घातली तरी वेग आपोआप वर चढत नसे! लायब्ररीच्या डिस्का शंभर हातांतून फिरलेल्या, ओरखडेच ओरखडे. त्यांनीच आमचा घात केला होता.

उपाय? डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन सेकंडरी आयडीई चॅनेल अनइन्स्टॉल करायचा आणि पीसी रीस्टार्ट. खर्च शून्य रुपये. त्या शनिवारी सीपीयू शंभरवरून धाडकन खाली आला आणि भुवनचा षटकार सीमेपार गेला. नांदेडकरांची डोकेदुखीही!

डिस्कचं हे प्रकरण जुनं झालं असं वाटत असेल, तर जरा थांबा. २००६ मध्ये ब्लू-रे आली, व्हिडिओ ४० मेगाबिटपर्यंत गेला आणि तेव्हाचे प्रोसेसर पुन्हा धापा टाकू लागले. मग ग्राफिक्स चिपनं ते ओझं उचललं. २०१६ च्या फोरके ब्लू-रेची तऱ्हा तर आणखी न्यारी. पीसीवर ती अधिकृतपणे चालवायला इंटेलची एसजीएक्स नावाची सुरक्षा व्यवस्था लागत असे. सातव्या ते दहाव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये ती सापडते, पण अकराव्या पिढीपासून इंटेलनं घरगुती प्रोसेसरमधून ती काढून टाकली. म्हणजे लाखाचा नवा गेमिंग पीसी हात वर करायचा आणि कोपऱ्यातला जुना खोका पिक्चर दाखवायचा! इथे ताकदीचा प्रश्नच नव्हता, कुलूप-किल्लीचा होता. त्यामुळे दुकानात जाण्याआधी प्रोसेसरची पिढी तपासावी लागे, गिगाहर्ट्‌झ नंतर.

आणि आईच्या कपाटातली ताईच्या लग्नाची डीव्हीडी? तिला असलं काही लागत नाही. यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह आणि व्हीएलसी प्लेअर पुरे. विंडोजनं २०१२ मधल्या आठव्या आवृत्तीपासून डीव्हीडी चालवायची अंगभूत सोय काढली, म्हणून व्हीएलसी. पण थेट डिस्कवरून बघू नका. आतला 'व्हिडिओ टीएस' फोल्डर आधी हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि तिथून लावा. कॉपी मध्येच अडली तर डिस्क बाहेर काढा, मऊ सुती कापडानं मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही, आणि पुन्हा घाला.