जिवाणूंचा फेरफार

महसूल खात्यात उमेदवारी केलेल्या माणसाला ‘म्युटेशन’ हा शब्द सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या तोंडी ऐकून गंमत वाटते. आपल्याकडे तो फेरफार, उत्तरेकडे दाखिल-खारिज. साम्य मात्र केवळ शब्दापुरते नाही. समजा, नवजात शिशुकक्षात आठवड्याभरात ३ बालकांच्या रक्तात क्लेबसिएला सापडला आणि कार्बापेनेम गटातील औषधांनाही तो दाद देईना. तिघांना तो एकाच ठिकाणाहून लागला की निरनिराळ्या वाटांनी आला, हे नेहमीच्या तपासणीत नीट कळत नाही. संपूर्ण जनुकक्रम वाचला तर ५० लाखांहून अधिक अक्षरांची तुलना करता येते. फेरफार मोजकेच असतील तर उगम बहुधा कक्षातच : हात धुण्याचे बेसिन, सक्शनची नळी, सलाईनची बाटली, नाहीतर कोणाचे तरी न धुतलेले हात. हजारोंनी असतील तर कक्षाला कुलूप लावून फारसे काही साधत नाही. तिसरी शक्यता अधिक वाईट. जिवाणू भिन्न, पण प्रतिकाराचे जनुक वाहणारे प्लाझ्मिड एकच, आणि ते एका जातीतून दुसऱ्या जातीत जाणारे. सातबारे निराळे, वहिवाटदार एकच.

असे एक जनुक आपल्या राजधानीचे नाव घेऊन जगभर गेले. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या रुग्णाच्या जिवाणूत ते सापडले, २००९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि ‘एनडीएम-१’ हे नाव पडले. २०१० साली ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात त्याच्या प्रसाराचा लेख येताच आपल्याकडे वादळ उठले, ते नावावरून आणि वैद्यकीय पर्यटनाच्या बदनामीवरून. शहराचे नाव देणे अनुचित होते, हे मलाही मान्य आहे. परंतु २०११ साली दिल्लीत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत ते जनुक मिळाले, तेव्हा चर्चा नावाची नव्हे, पाण्याची व्हायला हवी होती.

पुढे २०१३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रतिकारनिरीक्षणाचे जाळे उभारले, २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. आरोग्य राज्यांचा विषय असल्याने खरी कसोटी राज्यांची होती; २०१८ मध्ये स्वतःचा आराखडा करणारे केरळ हे पहिले राज्य.

तथापि यंत्र जे वाचते ते बाटलीत आले तरच. प्रतिजैविकाची पहिली सुई टोचण्यापूर्वी रक्त घेतले नाही तर जिवाणू बहुधा कल्चरमध्ये वाढतच नाही. लहान रुग्णालयांत कधी कल्चरची बाटली नसते, कधी सूक्ष्मजीवतज्ज्ञ नसतो. आणि भीती असते. उत्तरेतील एका जिल्ह्यात रुग्णालयाचे अधीक्षक मला स्पष्टच म्हणाले, “साहेब, जो नमुने पाठवील त्याचीच चौकशी होईल. न पाठवणाऱ्याचा कागद कोराच राहतो.” मासिक आढाव्याच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवला : औषधापूर्वी किती रुग्णांचे रक्त घेतले? पहिल्या महिन्यात दोनच रुग्णालयांनी तो भरला, आणि प्रतिकारक्षम जिवाणूंचे आकडेही अर्थातच त्या दोघांचेच आले. त्यांच्या अधीक्षकांना कारणे दाखवा नोटीस देण्याची टिप्पणी आठवड्याभरात माझ्या मेजावर आली. ती मी नामंजूर केली आणि उरलेल्या रुग्णालयांना स्मरणपत्रे काढली.