मेल्यावरचं वर्ष

सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, असं समाचाराला येणारे बहुतेक जण म्हणतात. वडील गेले तेव्हा सुतकाच्या दिवसांत हे वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकलं. बोलणाऱ्याच्या पोटात माया असते, त्यामुळे त्याला कुणी उलट बोलत नाही. पण ज्याचा जन्म रेवदंड्यात गेला त्याला ते पटणं अवघड आहे. मेलेला माणूस कुठे जातो या एका प्रश्नाची आमच्या किनाऱ्यावर पाच उत्तरं नांदतात, आणि ती एकमेकांत मिसळत नाहीत. हे मला त्या दिवसांत कळलं, कारण वडिलांचं वाणसामानाचं दुकान होतं आणि त्यांची गिऱ्हाइकं पाचही उत्तरांची होती.

आधी आमचं सांगतो. दहाव्याला आम्ही हरिहरेश्वरला गेलो. आगरदांड्याहून जंगलजेट्टीने दिघी आणि तिथून पुढे गाडीने. हरिहरेश्वराला दक्षिण काशी म्हणतात. सावित्री नदी तिथेच समुद्राला मिळते. स्मशानात मडकं फोडलेला दगड, म्हणजे अश्मा, आम्ही जपून ठेवला होता. त्याच्यावर तिलांजली देताना गुरुजी एकेका पिंडाचा अर्थ सांगत होते. पहिल्या दिवसाच्या पिंडाने डोकं तयार होतं, मग मान, खांदे, छाती, असं करत दहा पिंडांत मृताला प्रवासासाठी देह मिळतो. दहाव्या पिंडाने त्याला भूक-तहान लागते. हे ऐकून माझ्या घशाशी आवंढा आला. आधी देह द्यायचा, मग भूक द्यायची आणि मग जेवू घालायचं. ज्याने आयुष्यभर मला भरवलं त्याच्यासाठी हे मी करत होतो.

कावळा लवकर शिवला नाही. थोरल्या काकांनी पुढे होऊन धाकट्या बहिणीच्या लग्नाचं बघू असं सांगितलं, मग शिवला.

बाराव्याला सपिंडी. वडिलांच्या नावाच्या लांबट पिंडाचे तीन भाग करून ते आजोबा, पणजोबा आणि खापरपणजोबांच्या पिंडांत मिसळायचे. त्या क्षणी प्रेत संपतं आणि पितर होतो. शास्त्रात हे वर्षाने करायचं असतं, कारण गरुडपुराणाप्रमाणे यमलोकाची वाट वर्षभराची आहे. आता सगळे बाराव्यालाच उरकतात. मी गुरुजींना विचारलं, “पुनर्जन्म झाला असेल तर श्राद्धाचं अन्न कुणाला पोचतं?” ते म्हणाले, “ज्या देहात असतील त्या देहाला मानवेल अशा रूपात पोचतं. देव झाले असतील तर अमृत, पशू झाले असतील तर गवत.” धर्मशास्त्रकारांना हा प्रश्न फार पूर्वीच पडला होता आणि हे उत्तरही त्यांचंच आहे. पितर आणि पुनर्जन्म ही दोन वेगळी उत्तरं हिंदूंनी एकाच घरात ठेवली आणि एकासाठी दुसऱ्याला बाहेर काढलं नाही, हे मला तेव्हा नीट उमगलं.

अलिबागच्या इस्रायल आळीतले एक आजोबा वडिलांचे जुने स्नेही. बेने इस्रायल समाजाचे. या लोकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा, आणि शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी तो बंद. त्यावरून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. आजोबा घरात आले, माझ्या शेजारी बसले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मागून मला कळलं की ज्यू रीतीप्रमाणे शोकात बसलेला माणूस बोलेपर्यंत आलेल्याने तोंड उघडायचं नसतं. मी बोललो तेव्हा ते म्हणाले, “आमच्याकडे मुलगा अकरा महिने कद्दीश ही प्रार्थना म्हणतो.”

“वर्षभर का नाही?”

“पापी माणसाचा न्याय पुरता बारा महिने चालतो असं मानतात. मुलाने बारा महिने म्हटलं, तर माझा बाप पापी होता असं त्याने सांगितल्यासारखं होईल. म्हणून एक महिना आधी थांबायचं.”

बापाची अब्रू राखायला महिना सोडून देणारी रीत ऐकून मी थक्क झालो. कद्दीश अरामी भाषेत आहे आणि त्यात मरणाचा शब्दही नाही, आहे ती फक्त देवाची स्तुती. ज्यूंच्या तोरा या धर्मग्रंथात मेल्यावर काय होतं याविषयी फार थोडं सापडतं. मेलेले पुन्हा उठतील ही श्रद्धा मात्र पुढे पक्की झाली. 12व्या शतकात ज्यू पंडित मायमोनिडीसने श्रद्धेची जी 13 तत्त्वं लिहिली, त्यांतलं शेवटचं हेच. आजोबांची काळजी याहून साधी होती. कद्दीशला दहा पुरुष जमावे लागतात. 1948 नंतर समाजातली बहुतेक घरं इस्रायलला गेली. “माझ्यासाठी दहा जण कुठून आणतील?” असं त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

त्यांनी मला खंडाळ्याच्या खडकाविषयीही सांगितलं. हे खंडाळा अलिबागजवळचं. एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, अग्निरथात बसून स्वर्गाला जाताना इथे टेकला, असं बेने इस्रायल मानतात आणि खडकावरची खूण दाखवतात. नवस फेडायला मलिदा करतात: गूळ-खोबरं घातलेले पोहे, फळं, वर फुलं, आणि एलियाहूचं नाव. जगातल्या दुसऱ्या ज्यूंना ही रीत ठाऊक नाही. ती कोकणच्या मातीत तयार झाली. एलिया मेलाच नाही. मला लगेच सदेह वैकुंठाला गेलेले तुकोबा आठवले, आमचे सात चिरंजीव आठवले. वडिलांचं गिऱ्हाईक असलेले राजपुरीचे मुसलमान चाचा म्हणाले की ईसा पैगंबरही जिवंतच वर उचलले गेले, आणि एलिया कुराणात इल्यास या नावाने आहे. मरणाला चुकवून गेलेलं एक तरी माणूस असावं, असं या सगळ्यांना वाटलेलं दिसतं.

चाचांचं उत्तर मात्र आमच्यापासून सर्वांत लांबचं होतं. जन्म एकच. मेल्यावर कबरीत दोन फरिश्ते, मुनकर आणि नकीर, येऊन विचारतात: तुझा रब कोण, तुझा दीन कोणता, तुझा नबी कोण? त्यानंतर कयामतपर्यंत थांबायचं, आणि मग हिशेब. त्यात मागे राहिलेल्याने काय करायचं? चाचांनी हदीस सांगितली: माणूस मेला की त्याची कर्मं थांबतात, फक्त तीन चालू राहतात, चालू राहणारा दानधर्म, लोकांच्या उपयोगी पडणारं ज्ञान आणि नेक औलादची दुआ. मुरुडजवळ खोकरीला सिद्दी नबाबांचे भव्य मकबरे आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून चाचा म्हणाले, “घुमटाचा हिशेब नाही व्हायचा. विहीर बांधली का, हे विचारतील.”

कोर्लईची मावशी रोज संध्याकाळी यायची. कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याचं हे गाव अजून पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतं. पोर्तुगीज गेले 1740 मध्ये, बोली राहिली. मावशीला वडिलांची खरीच काळजी होती. तिच्या कॅथलिक श्रद्धेप्रमाणे बहुतेक आत्मे सरळ स्वर्गात जात नाहीत, आधी शुद्धीच्या आगीतून जातात आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्यांचा काळ कमी होतो. 2 नोव्हेंबरला गाव कबरस्तानात मेणबत्त्या लावतं. 16व्या शतकात युरोपात मार्टिन ल्यूथरने जे भांडण सुरू केलं त्याचं मूळ इथेच होतं: ही सुटका चर्चने पैशाने विकावी का? मावशीला त्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. “बाबूसाठी मी चर्चमध्ये मिस्सा सांगितला आहे,” म्हणाली. वडिलांना ती बाबू म्हणे.

पाचवं उत्तर मी शिकवतो त्या शाळेतल्या सहकाऱ्याचं. तो महाडचा, बौद्ध. मी हरिहरेश्वरला ज्या सावित्रीच्या मुखाशी पिंड दिले, तिच्याच काठचं वरचं महाड. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी तिथल्या चवदार तळ्याचं पाणी घेतलं. 1956 च्या धम्मदीक्षेतल्या 22 प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. तो म्हणाला, “सर, आमच्यात आत्माच नाही, तर जाणार कोण?” त्यांच्याकडे जलदानविधी होतो आणि केलेल्या पुण्यात सगळ्यांना वाटेकरी करून घेतात. तिबेटातले बौद्ध मात्र मेलेल्यासाठी 49 दिवस पाठ करतात. एकाच धर्मात इतकं अंतर असतं. मी पिंड देऊन आलो हे त्याला माहीत होतं. त्याने मला नावं ठेवली नाहीत, आणि स्वतःची प्रतिज्ञाही माझ्या दुःखासाठी सैल केली नाही. या सरळपणाने मला धीर दिला.

म्हणून सांगतो, सगळे धर्म एकच सांगत नाहीत. एक जन्म आणि अनेक जन्म, दोन्ही खरे असू शकत नाहीत. आत्मा आहे आणि नाही, यांतलं एक चूक आहे. ‘सगळं एकच’ म्हटलं की माझ्या सहकाऱ्याच्या आजोबांनी प्रतिज्ञा घेताना काय सोडलं आणि का सोडलं, ते पुसलं जातं. पण देहाला भूक देणारा पिंड, अकराव्या महिन्याला थांबणारी कद्दीश, विहिरीचं पुण्य, मिस्सा, जलदान, ही कामं मी जवळून पाहिली आहेत. मेलेल्याचं आपल्याकडे काहीतरी येणं बाकी आहे, एवढं पाचही घरांत लोकांनी धरून ठेवलं आहे. देवांविषयी त्यांचं जमणार नाही, आणि जमवायची घाई कुणी करू नये.

असंच एक येणं फेडायला अलिबागला समुद्रावर येणाऱ्यांनी थोडा वेळ काढून उत्तरेला नवगावला जावं. बेने इस्रायलांच्या पूर्वजांचं गलबत त्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा आहे. जे बुडाले त्यांना गावाजवळ दोन ढिगाऱ्यांखाली पुरलं. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. आत शिरण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, डोकं झाका, आणि थोडा वेळ उभे राहा.