वीकएंड? चलो हिंगोली!

सध्या आमच्या ग्रुपमध्ये ताश्कंदची साथ आली आहे. एक जण जाऊन येतो, फोटो टाकतो, की पुढचे चौघं पासपोर्ट शोधायला लागतात. चोरसू बाजाराचा तो निळा घुमट, राजवाड्यासारखी मेट्रो स्टेशनं, शास्त्रीजींच्या पुतळ्याशेजारी उभं राहून काढलेला कंपल्सरी फोटो... मस्तच आहे सगळं, नाही कोण म्हणतंय? पण या गर्दीत माझी एक रूममेट गप्प बसलेली असते. ती हिंगोली जिल्ह्यातली. पुण्यात कुणी गाव विचारलं की ती ‘परभणीजवळ’ म्हणते. खरं तर १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला, म्हणजे पाव शतक उलटून गेलं. तरी पुण्याच्या नकाशावर तो अजून ‘जवळ’च आहे.

‘तुझ्याकडे जाऊ या ना एकदा,’ असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं. ‘काय आहे गं तिथं बघायला?’

शेवटी जानेवारीत लाँग वीकएंड गाठून तिला घेऊनच निघाले. रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी घरी. तिच्या आईंनी चहा ठेवता ठेवता मला विचारलं, ‘माय, एवढ्या दूरून कशाला आलीस? काय हाय इथं?’ हा प्रश्न म्हणजे खानदानी आहे तर!

आता खरं सांगते. या ‘काय हाय इथं’चं उत्तर शोधत अख्खं जग या जिल्ह्यात येऊन बसलंय. पण ते जरा नंतर, क्रमाने जाऊ.

हिंगोली शहर तसं एका सकाळीत होतं. स्टेशनवरच्या पाटीवर ‘हिंगोली डेक्कन’ लिहिलंय. डेक्कन म्हणजे फक्त जिमखाना, असं समजणाऱ्या पुणेकरांनी तिथे जरूर उभं राहून फोटो काढावा. गावातल्या भागांची नावं ऐका : पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिंजंटची मोठी छावणी होती. ते सैन्य १९०३ मध्ये ब्रिटिश लष्करात विलीन झालं, तोफा गेल्या, घोडे गेले, पण रिक्षावाल्याला अजून ‘तोफखाना’ म्हटलं की बरोबर कळतं. आणि दसऱ्याला इथे रामलीला मैदानावर जी धमाल असते, तिला दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा आहे. मराठवाड्यात रामलीला कशी काय रुजली, याचं उत्तर मला त्या पलटणीतच असावं असं वाटतं. हा माझा अंदाज हं, इतिहासकारांनी मारायला धावू नये.

दुपारी औंढा नागनाथ. हिंगोलीहून पंचवीसेक किलोमीटर. बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवं हेच, असं इथे कुणालाही विचारा. द्वारकेजवळचं नागेश्वर आणि उत्तराखंडातलं जागेश्वरही तोच दावा सांगतात. ‘दारुकावन’ नेमकं कुठलं यावर हा वाद आहे आणि तो आपल्या हयातीत मिटेल असं दिसत नाही. देऊळ मात्र वाद विसरायला लावतं. यादवकाळातलं हेमाडपंती काम. खाली काळ्या दगडावर देव, नर्तकी, हत्ती असे दाटीवाटीने कोरलेले, की प्रदक्षिणेला अर्धा तास कमी पडतो. वरचा भाग नंतरच्या काळातला आहे, हे तुम्ही आर्किटेक्ट नसलात तरी पटकन कळतं. मूळ पिंड तळघरात. अरुंद पायऱ्यांनी वाकून खाली उतरायचं, आत जेमतेम काही माणसं मावतात, घाम, धूप आणि ओला दगड. क्लॉस्ट्रोफोबिया असलेल्यांनी वरूनच हात जोडावेत.

पण खरी गंमत बाहेर आहे. नंदी बघा. शंकराच्या देवळात तो समोर असतो ना? इथे तो पाठीमागे आहे. कारण? गोष्ट अशी सांगतात. नामदेव महाराज इथे कीर्तन करत होते. पुजाऱ्यांना त्याचा अडथळा झाला, शिवाय हा तर शिंप्याचा मुलगा. मागे जाऊन काय ते गा, असं सांगून त्यांना उठवलं. नामदेव मुकाट्याने देवळाच्या मागे गेले आणि गायला लागले. आणि देऊळच फिरलं! तोंड नामदेवांकडे केलं. नंदी बिचारा होता तिथेच राहिला.

माझ्या रूममेटने ही गोष्ट मला देवळाच्या मागच्या भिंतीला टेकून सांगितली. लहानपणापासून ऐकलेली, त्यामुळे अगदी सपाट आवाजात, बसचं टाइमटेबल सांगावं तशी. मला मात्र काटा आला. चमत्कारावर माझा विश्वास आहे की नाही हा मुद्दाच वेगळा. ज्याला मागे पाठवलं त्याच्याकडे देवळाने तोंड फिरवावं, ही कल्पना ज्या लोकांना सुचली आणि ज्यांनी ती शतकानुशतकं जपली, त्या लोकांच्या गावाला ‘काही नाही’ म्हणायचं? आणि ही गोष्ट फक्त औंढ्यात राहिलेली नाही. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यातल्या एका पदात देऊळ फिरल्याचा हाच प्रसंग येतो. अमृतसरच्या दरबारात जे पद गायलं जातं, त्याची भिंत आमच्यासमोर उन्हात तापत होती.

आता ते जगाचं प्रकरण. औंढ्यापासून काही किलोमीटरवर दुधाळा गावाजवळ ‘लायगो इंडिया’ उभं राहतंय. गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशातच एक सूक्ष्म थरथर पसरते. ती पहिल्यांदा १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगोंनी टिपली आणि ११ फेब्रुवारी २०१६ ला जाहीर झाली. त्याच आठवड्यात, १७ फेब्रुवारीला, आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातल्या लायगोला तत्त्वतः मान्यता दिली. पूर्ण मान्यता मिळाली एप्रिल २०२३ मध्ये, खर्च साधारण २६०० कोटी. २०३० च्या आसपास सुरू करण्याचं उद्दिष्ट आहे. आपल्या पुण्याची ‘आयुका’ यात आहे, म्हणजे तसा घरचाच मामला.

यंत्र कसं? काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. आत निर्वात पोकळी, टोकांना आरसे आणि त्यांच्यामध्ये ये-जा करणारा लेझर. लहर आली की एक बाजू किंचित लांबते, दुसरी आखडते. किंचित म्हणजे किती? प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाएवढी. म्हणून जागा अशी हवी की जिथे जमीन शक्य तितकी निवांत. मोठी शहरं नकोत, समुद्राच्या लाटांचे धक्के नकोत, आजूबाजूला धडधडणारे कारखाने नकोत. देशभर जागा धुंडाळल्या आणि शेवटी हा माळ ठरला. लक्षात आलं का? रूममेटची आई जे ‘काय हाय इथं’ म्हणत होती, तेच क्वालिफिकेशन ठरलं!

अर्थात, जमीन अगदीच गप्प आहे असंही नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेसारख्या गावांत लोक वर्षानुवर्षं जमिनीतून येणारे गूढ आवाज सांगतात. २०२४ मध्ये मार्च आणि जुलैत ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा रूममेट रात्रंदिवस घरी फोन लावत होती. लायगोच्या आरशांना हे सगळं पेलायची सोय असते. चाळीस चाळीस किलोचे आरसे, काचेच्या तंतूंवर लंबकासारखे टांगलेले. पत्र्याच्या आणि मातीच्या घरांना अशी सोय नसते, हे तिच्या आईंनी भिंतीवरची तडाक दाखवून सांगितलं. वेधशाळेबरोबर या घरांचाही कुणी विचार करेल का, हा त्यांचा प्रश्न मला पाहुणी म्हणून जरा जडच गेला.

बघायला म्हणाल तर परवानगीशिवाय आत जाता येत नाही. रस्त्यावरून दिसतो तो लांबच लांब सपाट माळ. तरी आम्ही तिथे तासभर बसलो. लोक ताश्कंदहून समरकंद गाठतात आणि पंधराव्या शतकातल्या उलुगबेगच्या वेधशाळेतला उरलासुरला दगडी चर बघून येतात. पडलेल्या वेधशाळेसाठी पासपोर्ट, उभ्या राहणाऱ्या वेधशाळेसाठी एसटी. हिशेब तुम्हीच करा.

दुसऱ्या दिवशी नर्सी, हिंगोलीहून वीसेक किलोमीटर. कयाधू नदीच्या काठावरचं नामदेवांचं जन्मगाव, परंपरेनुसार जन्म १२७० चा. इथे पंजाबी भाविकही येतात, नांदेडचा गुरुद्वारा करून इकडे वळतात. एक सरदारजी आजोबा आणि गावातले एक माळकरी आजोबा एकाच बाकावर बसले होते. एकाला मराठी येत नव्हतं, दुसऱ्याला पंजाबी. दोघं मिळून ‘नामदेव’ एवढा एकच शब्द पुरवून वापरत होते आणि छान चाललं होतं. २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन पंजाबात घुमानला झालं, तेव्हा आपल्याकडे किती नाकं मुरडली गेली होती! त्या बाकावर कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं.

जायचं कसं? रेल्वेने परभणी किंवा नांदेड गाठा, पुढे एसटी. परभणीहून औंढा पन्नासेक किलोमीटर. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला औंढ्यात पाय ठेवायला जागा नसते. एप्रिल-मे तर विसराच, ऊन भाजून काढतं. जानेवारी ते मार्च बेस्ट, कारण तेव्हा हळद निघते. गावागावांत ती शिजवतात, वाळत घालतात, अंगणं पिवळी होतात आणि हवेत तिचा उग्र, मातकट वास असतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, तेव्हा हळकुंडं घेतल्याशिवाय येऊ नका. जेवायला घरगुती खानावळ शोधा आणि ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा मागा. हळद मात्र बॅगेत वेगळी बांधा. माझा पांढरा कुर्ता आता कायमचा हिंगोलीचा झालाय.