ऐकावे जनाचे, पाहावे शोधून

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना ठाऊक असेल, ४ जानेवारी २०२३ रोजी राज्याच्या गव्हर्नरांनी एका कायद्यावर सही केली आणि बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या मुलांना माहितीची पारख शिकवणं शाळांना बंधनकारक झालं. सगळ्या इयत्तांसाठी असा नियम करणारं अमेरिकेतलं हे पहिलंच राज्य. आम्हा दोघांना ही बातमी वाचून बरं वाटलं. आमच्या लहानपणी छापील अक्षरावर शंका घ्यायची पद्धतच नव्हती. पेपरात आलं म्हणजे झालं! पण पेपराला निदान संपादक तरी होता. मुलांच्या फोनवर आज जे येतं त्याच्यामागे कोण उभं आहे, हे त्यांचं त्यांनाच शोधावं लागतं.

आमचे चिरंजीव नववीत आहेत. त्यांच्या गृहपाठामुळे आमचंही शिक्षण चालू असतं. आपला समज असा, की वेबसाइट नीटनेटकी असली, भाषा शुद्ध असली आणि नावाच्या शेवटी 'ओआरजी' असलं, की संस्था भरवशाची. पण 'ओआरजी' हे शेपूट कुणालाही विकत मिळतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! अमेरिकेच्या वायव्य भागातल्या जंगलात झाडावर राहणारा ऑक्टोपस असतो, असं सांगणारी एक वेबसाइट १९९८ साली कुणीतरी गमतीनं काढली. फोटो, वर्णन, 'त्याला वाचवा' असं आवाहन, सगळं कसं व्यवस्थित. आजही शिक्षक ती वर्गात दाखवतात आणि मुलांची परीक्षा घेतात.

मग ओळखायचं कसं? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांचा २०१७ सालचा अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी अशा ४५ जणांना काही वेबसाइट पारखायला दिल्या. चांगले चांगले पंडित आणि हुशार विद्यार्थी तेच पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि फसले. तपासनीस मात्र ते पान लगेच सोडून बाहेर पडले, शेजारी दुसरी खिडकी उघडली आणि 'या लोकांबद्दल इतर काय म्हणतात' ते पाहून आले. मुलीचं स्थळ बघताना आपण दुसरं काय करतो? मुलाकडचे स्वतःबद्दल काय सांगतात ते ऐकतो, पण चौकशी करतो शेजाऱ्यांकडे!

इथवर ठीक होतं. पण ही विद्या घरात शिरली तेव्हा गंमत झाली. साताऱ्याहून आजोबांनी कुटुंबाच्या ग्रुपवर 'दिवाळीच्या रात्रीचा भारत, नासाने टिपलेला' असा फोटो पाठवला. आपल्यापैकी बहुतेकांकडे तो कधी ना कधी आलाच असेल. नातवानं दोन मिनिटांत शोध घेतला आणि खाली एकच शब्द लिहिला, "फेक." झालं! दोन दिवस साताऱ्याहून मेसेज नाही की फोन नाही. "हल्लीची पोरं फार शहाणी झालीत," एवढं आजींकडून कळलं.

नातू म्हणत होता ते खरंच होतं. पण आजोबांचा फॉरवर्ड म्हणजे नुसती माहिती नसते, ती त्यांची "जेवलास का रे?" म्हणायची रीत असते. सात समुद्रांपलीकडे एवढाच तर धागा उरलेला. आम्ही चिरंजिवांना म्हटलं, फोन कर, आणि जे सापडलं ते मराठीत समजावून सांग. मोडक्यातोडक्या मराठीत त्यानं सांगितलं, की हा फोटो एका रात्रीचा नाही. अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेतल्या शास्त्रज्ञानं २००३ साली अनेक वर्षांची उपग्रह-माहिती एकत्र करून तो बनवला. १९९२ पूर्वीचे दिवे पांढरे, मग निळे, हिरवे आणि २००३ मध्ये नव्यानं दिसलेले लाल. दिवाळीचा जादा उजेड अवकाशातून जवळपास जाणवतही नाही, असं नासानं २०१२ मध्ये सांगितलं आहे. आजोबा पाटबंधारे खात्यातले, जन्म गेला नकाशे वाचण्यात. "अरे, म्हणजे लाल ती नवी वस्ती!" असं म्हणून ते अर्धा तास बोलत राहिले.

याचं मोल पुढे कळलं. एक चूर्ण घेतलं की बीपीची गोळी कायमची सुटते, असा एका 'डॉक्टर'च्या नावाचा मेसेज आजोबांकडे आला. तो त्यांनी ग्रुपवर टाकला नाही, नातवाला पाठवला. "बघून सांग रे." त्या नावाचा डॉक्टर अशाच मेसेजांखेरीज कुठेच सापडला नाही. "आजोबा, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका," नातवानं सांगितलं. आणि आजोबांनी ते ऐकलं! 'फेक' एवढ्यावरच तो विषय संपला असता, तर हा दुसरा मेसेज आमच्यापर्यंत आलाच नसता.

आता आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांना महिन्यातून एकदा आम्ही एक मराठी फॉरवर्ड वाचायला देतो. 'युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं' हा तर हमखास! युनेस्कोनं असं काही ठरवलेलं नाही. प्रश्न तीनच: कोण सांगतंय? पुरावा काय? बाकीचे काय म्हणतात? हुबेहूब खोटे फोटो आणि आवाज आता यंत्रं बनवतात, तेव्हा नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही. मुलांचं वाचनही होतं आणि मराठीत नम्रपणे "मला वाटतं, हे तपासायला हवं" म्हणायची सवयही लागते.

वाचकहो, जेवणाच्या टेबलावर आपणही हा खेळ करून पाहा. मात्र एक तयारी ठेवा. एकदा सवय लागली की मुलं आपल्यालाही विचारणारच, "बाबा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" तेव्हा रागावू नका. सरळ उत्तर द्या, नाहीतर दोघं मिळून शोधा.